पहिली किक तुझी

सिडको, छत्रपती संभाजीनगर
१० ऑगस्ट

स्वरदा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. जायचे ते होळीच्या आधीच गेले. माझी तब्येत ठणठणीत आहे. कोर्टाचं, सहीचं, कागदाचं काही काम नाही. काम आहे ते नटबोल्टांचं.

माझ्यावर हसायचं असेल तर आधीच हसून घे आणि मग पुढं वाच.

लॉकडाऊनमध्ये तू आणि तुझ्या बाबांनी ती जुनी येझदी फटफटी व्हरांड्यात उघडी केली, तेव्हा मी काय म्हटलं होतं आठवतंय? (तू सासऱ्यांना बाबाच म्हणायचीस, म्हणून मीही तसंच लिहिते. घटस्फोट तुझा माझ्या मुलाशी झालाय, त्यांच्याशी नाही.) मी म्हटलं होतं, एकदा पोट फाडलं की शिवायला डॉक्टर लागतो, हौशी माणसांचं काम नाही ते. तुम्ही दोघंही हसलात. आणि इंजिनाचा एकेक भाग सुटला की माझ्या स्वयंपाकघरातला एकेक डबा नाहीसा व्हायला लागला. माझे डबे असते तर एक वेळ चाललं असतं. लोकांचे! देशपांडे काकूंनी फराळ दिलेला गोल डबा, वन्संचा कडीचा डबा, वरच्या मजल्यावरच्यांचा चपटा डबा. प्रत्येकावर नाव कोरलेलं. मी दर दिवाळीला ओरडायची, लोकांचे डबे परत करा. आणि हे म्हणायचे, गाडी झाली की करू.

गाडी झाली नाही. तुम्ही पुण्याला गेलात, मग तुमचं ते सगळं झालं, मग हे गेले.

आषाढात मी घर आवरायला काढलं. शेल्फावर बघते तर सगळ्या कॉलनीचे डबे. माणूस गेलं आणि मागं लोकांची भांडी दाबून ठेवली, असं कुणी म्हणायला नको, हे माझ्या डोक्यात बसलं. सगळे डबे एका घमेल्यात पालथे केले, घासून लख्ख केले, रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून प्रत्येकात वाटीभर साखर घातली आणि ज्याचा त्याला नेऊन दिला. घरी आले, पाय धुतले आणि घमेल्याकडं नजर गेली. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. बाई गं! क्लच, कार्बोरेटर, स्प्रिंगा, चकत्या, सगळी मिसळ एका घमेल्यात, आणि कुठलं काय ते सांगणारे डबे गावभर.

मिहिरला फोनवर सांगितलं. तो बेंगळुरूहून म्हणतो, 'मग आता भंगारातच दे आई, व्हरांडा तरी मोकळा होईल.' मी म्हटलं, 'मोकळ्या व्हरांड्यात मी काय लेझीम खेळू?' त्यानं भंगारवाला पाठवलासुद्धा. त्या माणसानं टाकीला हात घातला आणि मला काय झालं कोण जाणे, झाडू घेऊन आडवी उभी राहिले. 'नाय मावशी, साहेबांनी बोलवलं म्हणून आलो,' म्हणत गेला बिचारा.

तर गाडी मी जोडणार आहे. हसू नकोस, आता हसायची वेळ गेली. जन्मभर शाळेत शिवण शिकवलं. पोरींनी बिघडवलेली मशिनं कोण उघडून बसवायचं? मीच. यंत्र ते यंत्र. फक्त कुणाच्या डब्यात काय होतं, ते जिवंत माणसांत तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. तेवढं कळव.

फोन करत नाही. फोनवर तू 'हो' म्हणतेस, 'बरं' म्हणतेस, आणि मला हाक मारायची जागा आली की गप्प होतेस. ते गप्प होणं मला ऐकवत नाही.

आणि हो. गाडी झाली की पहिली किक स्वरदाची, असं हे म्हणायचे. मी विसरलेले नाही.

तुझी,
दमयंती (पुढं काय लावायचं ते तूच ठरव)


सिडको
२ सप्टेंबर

प्रिय स्वरदा,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, नकाशा! काय सुरेख चित्रं काढलीस गं. कुठल्या चकतीला किती दात, कुठला स्क्रू कुठल्या भोकात, सगळं. पण वर कुणाला लिहिलंय त्याचा पत्ताच नाही. एकदम 'देशपांडे काकूंच्या डब्यात क्लच होता' इथूनच सुरुवात. अगं, वीज कंपनीला अर्ज करतानासुद्धा माणूस 'महोदय' लिहितो!

असू दे. रागवत नाही. थोडी रागावले होते, पण क्लच बसला तेव्हा राग गेला.

घमेल्यातला सगळा माल मी जुन्या साडीवर पसरला आणि बटणं निवडतात तसा निवडला. तू लिहिलंस तशा क्लचच्या चकत्या लावल्या, एक बुचाची, एक लोखंडाची, एक बुचाची, एक लोखंडाची. टाकीत आतून गंज होता, तर चिंचेचं पाणी भरून ठेवलं, मूठभर बारीक खडी टाकली आणि दिवसभर येता-जाता हलवत राहिले. पितळेच्या देवांना चालते ती चिंच टाकीला का चालू नये? धुवायला मात्र नळाला पाणी यायच्या दिवसाची वाट बघावी लागली. आपल्याकडचं पाणी तुला माहीतच आहे. त्या दिवशी सगळी कॉलनी पिंपं भरायलेली आणि मी टाकी धुवायलेली. देशपांडे काकू गॅलरीतून बघून म्हणाल्या, 'दमयंतीबाई, बरं आहे ना तुमचं?' मी म्हटलं, 'कधी नव्हे इतकं बरं आहे.'

कोपऱ्यावरचा गफूरभाई पंक्चरवाला मदतीला येतो. मदत म्हणजे चहा पितो आणि धीर देतो. 'मेरेकू सब मालूम अम्मा' हे आधी सांगतो आणि मग कळतं, सायकलीच्या पुढं त्याला काही मालूम नाही. परवा एक पितळी नळी दोन बोटांत धरून म्हणाला, 'ये कायकू है? निकाल डालो.' तुझ्या चित्रात बघितलं तर कार्बोरेटरचा जीव त्या नळीत! पण जड उचलायला तो लागतो, आणि मी हातोडी घेतली की 'हल्लू अम्मा, हल्लू' म्हणणारंही कुणीतरी लागतं. पूर्वी ते काम यांचं होतं.

आज गौरींचं विसर्जन. आपल्याकडं यंदा गौरी नाहीत. घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नाही, कढई चढवायची नाही. गोडधोड बाहेरच्यांनी आणून द्यायचं, घरातल्यांनी नुसतं खायचं. त्यामुळं पुन्हा दारात डबेच डबे. पुरणपोळ्या, घावन, सोळा भाज्या. मी काय केलं सांगू? पोळ्या खाल्ल्या आणि तुझ्या नकाशाबरहुकूम डबे पुन्हा भरून टाकले. देशपांडे काकूंच्या डब्यात पुन्हा क्लचचे राहिलेले स्क्रू. आता गाडी होईपर्यंत कुणाला काही परत मिळत नाही. यांचंच बरोबर होतं.

आता मुद्द्याचं. वन्संचा फोन आला होता. 'वहिनी, तुझ्या साखरेत लोखंड निघालं, माझा दात पडला असता.' एक बारकी स्प्रिंग त्यांच्या डब्याच्या काठाला अडकून राहिली होती म्हणे. मी रिक्षा करून समर्थनगरला गेले ती आणायला. कुणाकुणाला काय विचारून ही गाडी जोडतेय ते सांगताना तुझं नाव निघालं, आणि वन्सं सहज बोलून गेल्या, 'ती आली होती की भाऊ गेला त्या दिवसांत. मीच फाटकातून लावून दिली. म्हटलं, तू आता बाहेरची, तुझं इथं काय काम?'

स्वरदा, मला माहीतच नव्हतं गं. मी आतल्या खोलीत, बायकांनी घेरलेली. मला वाटायचं तू आलीच नाहीस. यांनी एवढा जीव लावला आणि ही साधी फिरकली नाही, हे मी इतके महिने मनात धरून बसले होते. डब्यांचा घोळ झाला नसता तर मी तुला पत्रही लिहिलं नसतं, हे खरं सांगते. आणि तू पुण्याहून बसनं येऊन फाटकातून परत गेली होतीस.

मी वन्संना म्हटलं, 'तुमच्या भावाचे हात ग्रीसनं भरलेले असायचे तेव्हा त्यांच्या तोंडाला चहाचा कप लावणारी पोरगी बाहेरची, आणि वर्षातून एकदा भाऊबीजेला येऊन साडीचा रंग आवडला नाही म्हणून तोंड फुगवणाऱ्या तुम्ही घरातल्या?' वन्सं रडल्या. मी स्प्रिंग घेतली आणि चहाला न थांबता निघाले. रिक्षात मीही रडले. रिक्षावाला आरशातून बघायला लागला, म्हणून मग डोळे पुसले.

पुन्हा कुणी अडवलं ना, तर त्याच्या पायावर पाय देऊन आत यायचं. माझी परवानगी आहे.

मिहिर बरा आहे. त्याचं काहीबाही चाललेलं असतं. असो.

दमयंती


सिडको
२१ सप्टेंबर

प्रिय स्वरदा,

तुझं पत्र आणि पार्सल, दोन्ही पोचलं. इंजिनाची रबरं आणि कागदी पॅकिंग तू पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडून शोधलीस, आणि वर लिहितेस 'सहज मिळाली'. सहज मिळणाऱ्या वस्तूवर दुकानदार 'आता नाही मिळायची' असं लिहून देत नाही. त्याची चिठ्ठी आत राहिली होती बरं का.

या खेपेला वर 'प्रिय' लिहिलंस आणि पुढं जागा कोरी सोडलीस. चालेल. थंड इंजिन एकदम पळत नाही.

वन्संबद्दल तू एवढंच लिहिलंस, 'जाऊ द्या, त्यांना दुःख झालं होतं.' मी जाऊ देणार नाही. पण तू जाऊ दिलंस ते वाचून मला तुझा अभिमान वाटला. थोडा रागही आला. भांडायला शिक जरा.

इंजिन बंद झालं! म्हणजे झाकलं गेलं. सगळं बसवलं, घट्ट आवळलं, हात पुसले आणि बघते तर वाटीत मूठभर नट उरलेले. गफूरभाई म्हणतो, 'कंपनी एक्स्ट्रा देती अम्मा.' मी म्हटलं, ब्लाउज शिवून झाल्यावर बाही उरली तर ती काय एक्स्ट्रा असते? पुन्हा सगळं उघडलं. कपाळावर हात मारला आणि पुन्हा पहिल्यापासून बसवलं. आता वाटी रिकामी आहे. हातांचा वास जात नाही, बेसन लावून बघितलं, लिंबू लावून बघितलं. मग सोडून दिलं. यांच्या शर्टांना यायचा तोच वास आहे. झोपताना उशाशी हात घेतला की बरं वाटतं.

तुला एक सांगितलंय का कधी? लग्न झालं तेव्हा यांची नोकरी पैठणला, जायकवाडीवर. शनिवारी आम्ही याच गाडीवरून इकडं सासूबाईंकडं यायचो. एकदा बिडकीनच्या पुढं माझी नवी चप्पल पडली. मी थांबा थांबा म्हणून पाठीत गुद्दे घालायला लागले. फटफटीच्या आवाजात यांना काय ऐकू येतंय? यांना वाटलं, बायको लाडात आलीय. आणखी जोरात पळवली! एका पायात चप्पल घालून मी सासरच्या उंबऱ्यात उभी. सासूबाईंनी एकदा माझ्या पायांकडं बघितलं आणि यांना जेवायला उशिरा वाढलं.

चाळीस वर्षं मी त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसले, पण तिच्या पोटात काय आहे ते बघितलं नव्हतं. ते तू बघितलंस यांच्याबरोबर. आधी मला त्याचा हेवा वाटायचा. खरंच वाटायचा. आता वाटतं, बरं झालं कुणीतरी बघून ठेवलं.

एवढी सगळी पानं लिहिली, कारण शेवटची ओळ लिहायची टाळतेय. मागच्या पत्रात 'काहीबाही' लिहून निसटले होते. मिहिरचं लग्न ठरलंय. श्रेया नाव तिचं, त्याच्याच ऑफिसातली. यांचं वर्ष भरायच्या आत उरकायचं म्हणून मार्गशीर्षात आहे. मुलगी वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. चांगली आहे. परक्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं.

मिहिर म्हणतो, 'आई, आता स्वरदाला पत्रं बंद कर. श्रेयाला कसं वाटेल? आणि तिलाही तिचं आयुष्य आहे ना.' बोलतो ते तसं बरोबर असतं त्याचं. लहानपणापासून बरोबरच बोलतो, हीच तर अडचण आहे. मला धाक एकाच गोष्टीचा आहे, की हे तुलाही पटेल, आणि तू शहाण्यासारखी दूर होशील. होऊ नकोस. त्याला दुसरी बायको मिळाली. मला दुसरी स्वरदा कुठून मिळणार?

उत्तर लिही. चित्र नसलं तरी चालेल.

दमयंती


सिडको
४ ऑक्टोबर

प्रिय स्वरदा,

पोस्टमन रोज फाटकावरून पुढं जातो. परवा मी त्याला थांबवून पिशवी दाखवायला लावली. 'बाई, असतं तर दिलं नसतं का?' म्हणाला. चिडला माझ्यावर, आणि बरोबर चिडला.

तू उत्तर देत नाहीस म्हणजे तुला पटलंय. तरी दसऱ्याला काय झालं ते ऐकून घे.

गाडी पूर्ण झाली. उभी आहे व्हरांड्यात, पायावर. टाकी लाल केली, तुला पाहिजे होती तशी, काळी नाही. दसऱ्याला मिहिर आणि श्रेया आले. सण नाही तरी वाहनाला झेंडूचं एक फूल लावायला कुणाची ना नसावी, म्हणून मी एक फूल हँडलला खोचलं. मिहिर चपला काढायचा विसरून तिच्याभोवती फिरत राहिला. टाकीवरून हात फिरवला. म्हणाला, 'बाबांनी मला कधी हाक मारली नाही गं या कामाला.' मी म्हटलं, 'हाक कशाला लागते? स्वरदाला कुणी मारली होती? ती आपण होऊन खाली बसली.' त्याचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं. तो वाईट नाही गं, त्याला फक्त खाली बसता येत नाही.

तेवढ्यात गफूरभाई ऑइल मिसळलेलं पेट्रोल घेऊन हजर. 'चालू करके देखेंगे भाईजान!' मिहिर उत्साहानं गाडीवर चढला आणि किक शोधायला लागला. इकडं बघतो, तिकडं बघतो. 'आई, किक बसवायची राहिली का?' स्वरदा, तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. येझदीला किक आणि गिअरची दांडी एकच, ती आत दाबून वर उचलली की किक होते, हे त्याला ठाऊकच नाही. यांच्या घरात जन्मला, वाढला! गफूरभाईलाही ठाऊक नाही, 'मेरेकू सब मालूम' तोंडात असूनही. मला ठाऊक आहे. मी पदर खोचून गप्प उभी राहिले.

पण मिहिर इंजिनिअर. त्यानं मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ काढला, बघितला, दांडी आत दाबली, वर उचलली आणि पाय ठेवला.

मी म्हटलं, 'उतर.'

'काय गं?'

'उतर म्हणते ना खाली. ती किक तुझी नाही.'

त्याला वाटलं मी गंमत करतेय. मी पाना घेतला, प्लग काढला आणि कमरेला खोचला. आटे नीट सुटले. आता प्लगशिवाय मार म्हणावं किक. मिहिर म्हणाला, 'आई, तू काय करायलीस? लोक बघतायत.' मी म्हटलं, 'बघू देत. तुझ्या बाबांनी पहिली किक स्वरदाला दिलेली आहे. ते दिलेलं परत घ्यायला आता ते नाहीत, आणि मी घेणार नाही.'

गफूरभाईनं पेट्रोलचं कॅन उचललं आणि 'मैं आता अम्मा' म्हणून सटकला. मला श्रेयाकडं बघवेना. नवी मुलगी, पहिल्यांदा घरी आलेली, आणि तिच्यासमोर मी हे सगळं बोलून बसलेली. वाटलं, आता हीही रडणार.

ती रडली नाही. गाडीपाशी आली, वाकून क्लचचं झाकण बघितलं आणि मला म्हणाली, 'हे तुम्ही पत्रातली चित्रं बघून जोडलं?' मी म्हटलं, 'हो. मी आणि माझ्या स्वरदानं.' तोंडातून निघालं ते निघालं. ती म्हणाली, 'मग त्या कधी येणारेत?' बस, एवढंच. मिहिर तिच्याकडं बघतच राहिला.

आता सांग, कुणाला कसं वाटेल म्हणून तू घरात बसलीयेस?

दमयंती


सिडको
१३ ऑक्टोबर

स्वरदा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं.

'प्रिय काकू, मी आता येणं बरं दिसणार नाही. श्रेया मोठ्या मनाची आहे, पण आपण त्याचा फायदा घेऊ नये. गाडी मिहिरला चालू करू द्या. बाबांना तेही आवडलं असतं. काळजी घ्या.'

काकू? काकू म्हणजे देशपांडे. त्या गॅलरीत उभ्या आहेत, हवं तर हाक मारते.

इतके दिवस तू जागा कोरी सोडत होतीस, तर मला वाटायचं कधीतरी भरशील. भरलीस तर हे! पोस्टकार्ड वाचून मी जेवले नाही. संध्याकाळी भूक लागली तेव्हा जेवले. मग साडी बदलली आणि गुलमंडीच्या बाजारात गेले.

तुझ्या लग्नात आम्ही तुला डब्यांचा संच दिला होता, 'सौ. स्वरदा मिहिर पाठक' असं नाव कोरून. तू जाताना तो इथंच ठेवून गेलीस. मला तो वापरवत नव्हता आणि मोडीत घालवत नव्हता. भांड्याच्या दुकानात तोच दाखवून म्हटलं, 'यातलं सौ. आणि पुढचं सगळं खोडून दे.' तो म्हणाला, 'मावशी, कोरलेलं खोडता येत नाही. खोडलं तरी खूण राहते. नवा घ्या.' पटलं मला. नवा घेतला. कडीचा, घट्ट झाकणाचा. त्यानं मशिन हातात घेऊन विचारलं, 'नाव काय टाकू? कुणाकडून? प्रसंग काय?' मी म्हटलं, 'प्रसंग नाही. चि. स्वरदा हिस, आईकडून. एवढंच टाक.' त्यानं टाकलं. अक्षर जरा तिरकं आलंय, पण खोल आहे.

तो डबा या पत्राबरोबर आहे. उघडून बघ. फडक्यात बांधलाय तो प्लग आहे. गाडीचाच. दसऱ्याला कमरेला खोचला तो मी परत लावलाच नाही. नवा प्लग कुठल्याही दुकानात मिळतो हे मला माहीत आहे, मिहिरलाही माहीत आहे. परवा फोनवर म्हणाला, 'आणून देऊ का?' मी म्हटलं, 'खबरदार.' तर म्हणाला, 'बरं. ती आली तर मी दिवाळीला दोन दिवस उशिरा येतो, म्हणजे तिला अवघड वाटणार नाही.' तेव्हा दिसतं कसं आणि वाटतं कसं, याची काळजी आता तू करू नकोस. ती त्यानं केलीय. पोरगा एवढं शहाणं पहिल्यांदाच बोलला, मी लगेच हो म्हटलं.

दिवाळी आली. यंदा आपल्या घरात कढई चढायची नाही. बाहेरची माणसं फराळ आणून देतील. वन्संनीसुद्धा निरोप पाठवलाय, चकल्या पाठवते म्हणून. घरातल्यांनी काही करायचं नसतं आणि आणायचं नसतं. तेव्हा नीट ऐक. येताना फराळ आणू नकोस. तुझ्या हातात चिवड्याची पुडी जरी दिसली, तरी मी समजेन की वन्सं फाटकात म्हणाल्या ते तूही मान्य केलंस.

डबा तेवढा परत आण. पोस्टानं पाठवायचा नाही, हातात घेऊन यायचं. आणि रिकामा डबा परत द्यायचा नसतो, एवढं तरी मी तुला शिकवलंय. आहे तोच प्लग घालून आण.

गाडी उभी आहे. पेट्रोल भरलंय. मी मागच्या सीटवर बसणार आहे, या खेपेला चप्पल घट्ट घालून.

तुझी,
आई